उडत्या तबकड्यांच्या वार्ता आणि लोकमत

ता. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या सायंकाळीं, पावणेआठच्या सुमारास विदर्भ व उत्तर महाराष्ट्रांतील अनेक गांवांच्या लोकांनीं आकाशांत एक विलक्षण देखावा पाहिला. पश्चिमेकडून पूर्वेकडे अग्नीच्या कांहीं रेघा, एकमेकींस समांतर अशा, अगदीं संथपणें चालल्या होत्या. जणू कोणी पलिते घेऊन मिरवणुकीनें जात आहे. मध्यप्रदेशांतही त्या दिसल्या. गुढ्या उतरून झाल्या होत्या, माणसें अंगणांत व ओट्यांवर बसलीं होतीं, आणि हल्लीं प्रत्येकाच्या हातीं मोबाइल असल्यामुळें घटकाभरांत त्या देखाव्याचीं चित्रें सर्व प्रांतभर पसरलीं. कोणी म्हणालें उल्का, कोणी म्हणालें विमान पेटलें, कोणी म्हणालें शत्रूचें क्षेपणास्त्र, आणि उडत्या तबकडीचें नांव घेणारेही निघालेच.

त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें पडलेलें सांपडलें. त्याच तालुक्यांत पवनपार येथें धातूचा एक गोळा मिळाला. खगोल जाणणाऱ्यांपैकीं कांहींनीं प्रथम असा अंदाज केला कीं, त्याच सायंकाळीं न्यूझीलंडमधून उपग्रह घेऊन जो अग्निबाण उडाला त्याचा हा भाग असावा. पुढें कक्षांचें गणित पाहून जोनाथन मॅकडॉवेल ह्या खगोलशास्त्रज्ञांनीं सांगितलें कीं, चीननें फेब्रुवारी २०२१ मध्यें सोडलेल्या ‘चांग झेंग ३ ब’ ह्या अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा होय. वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवतीं फिरून तो त्या सायंकाळीं वातावरणांत शिरला व जळत जळत खालीं आला. इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं येऊन ते तुकडे पाहिले. दैवयोगानें कोणास इजा झाली नाहीं.

विद्यार्थ्यांनीं ह्यांतील पहिल्या अंदाजाकडे विशेष लक्ष द्यावें. तो चुकीचा ठरला, परंतु तो प्रामाणिक होता. कारण त्याजबरोबर त्याचा आधारही सांगितलेला होता: अमुक वेळीं, अमुक ठिकाणाहून, अमुक वस्तु उडाली. ज्या विधानाचा आधार सांगितलेला असतो तें दुसऱ्यास तपासतां येतें, आणि म्हणूनच तें दुरुस्तही होऊं शकतें. ‘शत्रूचें क्षेपणास्त्र’ म्हणणाऱ्यानें कसलाच आधार दिला नव्हता. त्याचें बोलणें तपासण्यासारखें नव्हतें, फक्त पुढें धाडण्यासारखें होतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आकाशांतील अशा अज्ञात वस्तूंच्या वार्ता हें लोकांचें मन हवें तिकडे वळविण्याचें एक साधन आहे काय? ह्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, ह्या साऱ्या वार्ता बलाढ्य सरकारें मुद्दाम उठवितात. दुसरें असें कीं, हा केवळ अडाणी माणसांचा भ्रम आहे. मला हीं दोन्ही मतें आळशीपणाचीं वाटतात. पाहणारा बहुधा खोटें बोलत नसतो, आणि आकाशांत बहुधा खरोखरच कांहींतरी असतें. परंतु ‘दिसलें’ आणि ‘कळलें’ ह्या दोहोंमध्यें कधीं कांहीं घटकांचें, तर कधीं अनेक वर्षांचें अंतर पडतें. तेवढा वेळ माणसाचें मन रिकामें राहत नाहीं. जो कोणी प्रथम येऊन ठामपणें बोलेल त्यास तें जागा देतें. लोकमत वळविणाऱ्याचें काम होतें तें ह्या मधल्या काळांत. त्यानें तो दिवा आकाशांत टांगलेला असलाच पाहिजे असें नाहीं.

ही गोष्ट नवीन नव्हे. १९१० सालीं हॅलेचें शेंडेनक्षत्र आलें, तेव्हां पृथ्वी त्याच्या शेपटींतून जाणार व त्या शेपटींत सायनोजन नांवाचा विषारी वायु आहे, हीं दोन्ही विधानें शास्त्रीय व खरीं होतीं. शेपटी इतकी विरळ असते कीं त्या वायूचा उपद्रव होणें शक्य नाहीं, हें तिसरें विधान तितकेंच खरें होतें. पण तें मागें पडलें आणि अमेरिकेंत धूमकेतूच्या विषावर गोळ्या विकणारे पुढें आले. १९६२ च्या फेब्रुवारीच्या ३ ते ५ ह्या तारखांस मकर राशींत अष्टग्रहीचा योग आला. तेव्हां आपल्या देशांत जगबुडीच्या भीतीनें किती माणसांनीं प्रवास टाळले, किती लग्नें पुढें ढकललीं, किती तूप होमांत पडलें, ह्याच्या हकिगती त्या वेळच्या वर्तमानपत्रांनीं भरभरून दिल्या आहेत. प्रार्थना करणाऱ्यास मी हंसणार नाहीं. भ्यालेला मनुष्य देवाकडेच जाणार. परंतु त्याच्या भीतीचा हिशेब मांडून जो पैसा करतो त्याची गोष्ट निराळी आहे.

पुढें १९७९ च्या जुलैमध्यें अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही आकाशांतील प्रयोगशाळा खालीं कोसळणार असें ठरलें. तिचें वजन पाऊणशें टनांच्या आसपास होतें, आणि ती नेमकी कोठें पडेल हें प्रत्यक्ष अमेरिकेसही सांगतां येत नव्हतें. ज्या पालकांचें वय आज साठीच्या पुढें आहे त्यांस तो जुलै आठवत असेल. आतां मरणारच म्हणून लोकांनीं गोठ्यांतलीं कोंबडीं-बकरीं कापून खाल्लीं, साठविलेला पैसा उधळला, अशा हकिगती जुनीं माणसें अद्यापि सांगतात. मुलांनीं आपल्या आजोबा-आजींस अवश्य विचारावें. शेवटीं तिचे तुकडे हिंदी महासागरांत व पश्चिम ऑस्ट्रेलियांत पडले. तेथील एस्परन्स ह्या गांवच्या स्थानिक संस्थेनें, कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेस चारशें डॉलरचा दंड विनोदानें ठोठावला!

‘उडती तबकडी’ हें नांव कसें जन्मास आलें तेंही सांगण्यासारखें आहे. ता. २४ जून १९४७ रोजीं केनेथ अर्नोल्ड नांवाचा अमेरिकन वैमानिक वॉशिंग्टन संस्थानांतील पर्वतांवरून जात असतां त्यास नऊ चकाकणाऱ्या वस्तु अति वेगानें जातांना दिसल्या. त्यांची चाल कशी होती हें सांगतांना, पाण्यावर बशी भिरकावली असतां ती जशी टप्पे घेत जाते तशी, असें तो म्हणाला. वर्तमानपत्रांनीं बशी उचलली आणि चाल सोडून दिली. वस्तूच बशीसारख्या झाल्या. त्यानंतर कांहीं आठवड्यांतच शेंकडों लोकांस तबकड्या दिसूं लागल्या. हें कोणाचें कारस्थान नव्हतें. एका बातमीदाराचा एक सोयीस्कर शब्द होता. तथापि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांस त्या शब्दानें आधींच सांचा पुरविला.

त्याच वर्षीं जुलैमध्यें न्यू मेक्सिको संस्थानांत रॉझवेलजवळ कांहीं तुकडे सांपडले. सैन्यानें आधीं ‘तबकडी मिळाली’ असें प्रसिद्ध केलें व लगेच ‘हवामानाचा फुगा’ असें सांगून तें फिरविलें. रशियाच्या अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठीं उंच सोडलेल्या गुप्त फुग्यांचे ते अवशेष होते, हें अमेरिकेच्या हवाई दलानें १९९४ सालीं उघडपणें मांडलें. सत्तेचाळीस वर्षें! इतक्या काळांत त्या रिकाम्या जागेवर केवढी इमारत उठली हें सर्वांस ठाऊक आहेच.

येथें सरकारचा हात दिसतो, आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हें नीट पाहिलें पाहिजे. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें ‘यू-२’ नांवाचें हेर-विमान उडविण्यास आरंभ केला. प्रवासी विमानें त्या काळीं दहा ते वीस हजार फुटांवरून जात, आणि हें साठ हजार फुटांच्या वर जाई. सूर्य मावळून खालीं अंधार झाला तरी इतक्या उंचीवर त्याच्या अंगावर ऊन पडे, व तें अग्नीसारखें झळके. वैमानिक तक्रार करीत, आणि अधिकारी खरें कारण माहीत असूनही तें बर्फाचे कण किंवा हवेंतील उष्णतेचा फेर म्हणून सांगत. त्या काळांतील अशा निम्म्याहून अधिक वार्ता ह्या हेर-विमानांमुळें उठल्या, असें तेथील गुप्तहेर खात्याच्याच इतिहासकारानें १९९७ सालीं लिहिलें आहे. तबकडी सरकारनें निर्माण केली नव्हती; पण लोक तबकडी म्हणत राहिले तर विमान झांकलें जातें, हें त्यास उमगलें होतें. पुढच्या एका प्रसंगीं तर मौनावरच भागलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत हवाई दलाच्या एका कर्नलनें नेव्हाडांतील गुप्त तळाजवळच्या एका मद्यगृहाच्या मालकास तबकड्यांचीं बनावट छायाचित्रें नेऊन दिलीं, असें वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नें २०२५ सालीं दिलें.

ह्याहून विचार करण्यासारखी गोष्ट १९५३ च्या जानेवारींतील आहे. रॉबर्टसन नांवाच्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालीं एक गुप्त समिति बसली. तबकड्यांपासून देशास प्रत्यक्ष धोका नाहीं, असें तिनें ठरविलें. मात्र त्यांच्या वार्तांपासून आहे, असेंही ठरविलें. शत्रूनें अशा वार्तांचा पूर उठविला तर खऱ्या हल्ल्याची वर्दी त्यांत बुडून जाईल, ही तिची भीति होती. म्हणून लोकांची उत्सुकता कमी करण्यासाठीं वर्तमानपत्रें, चित्रपट इत्यादि साधनें वापरावींत, आणि तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या खासगी मंडळ्यांवर नजर ठेवावी, अशी शिफारस तिनें केली. म्हणजे लोकांचीं मनें शत्रु वळवील म्हणून तीं आपणच आधीं वळवावींत! हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. पण जें सरकार समजावून सांगण्याऐवजीं गुपचूप वळवूं लागतें, त्याच्या खऱ्या बोलण्यावरही पुढें कोणी विश्वास ठेवीत नाहीं. अमेरिकेच्या हवाई दलानें १९६९ पर्यंत १२,६१८ वार्तांची नोंद केली. त्यांपैकीं ७०१ खेरीज बाकी सर्वांचा उलगडा झाला. तरी लोक त्या बारा हजारांविषयीं बोलत नाहींत, सातशेंविषयींच बोलतात. ‘उलगडा झाला नाहीं’ म्हणजे ‘परग्रहावरून आलें’ असें नव्हे, एवढें साधें तर्कशास्त्र आठवीच्या मुलासही कळतें. २०२४ च्या मार्चमध्यें त्याच देशाच्या संरक्षण खात्यानें सर्व जुनीं दप्तरें चाळून प्रसिद्ध केलेल्या अहवालांतही परग्रहवासीयांचा पुरावा नाहीं.

कोणी म्हणेल, गांवढळ माणसें फसतात, शिकलेलीं फसत नाहींत. त्यांच्यासाठीं आपल्याच सैन्याचें उदाहरण आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ ह्या काळांत लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनीं आकाशांतील अज्ञात दिवे ३२९ वेळां पाहिले, आणि त्यांपैकीं १५५ वेळां ते सीमा ओलांडून आले अशी नोंद केली. चीनचीं टेहळणी विमानें असावींत असा संशय होता. शेवटीं बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांस पाचारण करण्यांत आलें. त्यांनीं त्या दिव्यांचीं स्थानें तपासून सांगितलें कीं, ते शुक्र आणि गुरु आहेत. जवान अडाणी नव्हते. ते जागरूक होते व शत्रूच्या तोंडावर उभे होते. मात्र सैन्यानें त्या दिव्यांवर गोळी झाडण्यापूर्वीं जाणत्यास विचारलें, हें त्याचें शहाणपण.

आपल्या गांवांत तें शहाणपण नेहमीं दिसतें काय? २०२४ च्या पावसाळ्याच्या आरंभीं पुणें जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांत, तसेंच बीड व जालना जिल्ह्यांत रात्रीं घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या वार्ता उठल्या. चोर आधीं ड्रोननें घरें हेरतात व मग येतात, असा बोभाटा झाला. लोक काठ्या घेऊन गस्त घालूं लागले. पुढच्या वर्षीं, जुलै २०२५ मध्यें, उत्तर प्रदेशांतही हीच भीति पसरली असतां मुझफ्फरनगर जिल्ह्यांत पोलिसांनीं दोघांस पकडलें. त्यांनीं कबुतरांच्या अंगास तांबडे व हिरवे दिवे बांधून तीं रात्रीं सोडलीं होतीं! खरें ड्रोन हवें कशास. लोकांच्या मनांत तें आधींच उडत होतें. भीति तयार असली म्हणजे तिच्यावर स्वार होण्यास दोन आण्यांचा दिवाही पुरतो.

आणि भीति काय करूं शकते हें जाणण्यास आपल्याला दूर जावयास नको. ता. १ जुलै २०१८ रोजीं शेजारच्या धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यांतून आलेले, भिक्षेवर पोट भरणारे पांच जण तेथें उतरले. मुलें पळविणारी टोळी आली आहे असा निरोप कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होता. त्या पांचही जणांस जमावानें ठार मारलें. त्याच रात्रीं आपल्या लगतच्या मालेगांवांत पांच जणांस जमावाच्या हातून पोलिसांनीं कसेंबसें सोडविलें. त्या दिवसांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकीं एक तर कराचींतील होती. मुलांस जपा असें सांगण्यासाठीं केलेल्या जाहिरातीचा शेवटचा खुलाशाचा भाग कापून ती पुढें धाडली गेली होती. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडण्यास बंदी घातली. ती पूर्वींच असती तर ते पांच जण वाचले असते कीं काय, कोण सांगणार?

राईनपाड्यास आकाशांत कांहींच नव्हतें, हें मी जाणून आहें. तरी ही गोष्ट येथें घेतली, कारण वर सांगितलेलें मधलें अंतर तेथें होतें. ‘ऐकलें’ आणि ‘कळलें’ ह्यांच्यामध्यें एक प्रश्न विचारण्याइतकाही वेळ कोणी काढला नाहीं. उद्यां आपल्या शिवारावर एखादा दिवा दिसला, आणि त्याच रात्रीं एखादा परका वाटसरू गांवांत आला, तर त्या दोहोंचा संबंध जोडणारा कोणीतरी निघेल. पालकांनीं तेव्हां दोनच गोष्टी पाहाव्यात: निरोप धाडणारा स्वतः पाहिलेलें सांगतो काय, आणि तो आपणांस पाहावयास सांगतो कीं कांहीं करावयास सांगतो. ‘पुढें धाडा’, ‘एकत्र या’, ‘दिसेल त्यास धरा’ असें ज्यांत असेल, त्यांतील दिवा खरा असो वा खोटा, निरोप तरी वाईट होय.

पाहणें मात्र शिकलें पाहिजे, आणि तें शिकवितां येतें. मी वर्गांत मुलांस विचारतों, चंद्र केवढा दिसतो? कोणी म्हणतो ताटाएवढा, कोणी रुपयाएवढा. मग हात लांब करून करंगळी धरा म्हटलें, कीं चंद्र करंगळीआड जातो. आकाशांतील वस्तु केवढी व किती दूर हें नुसत्या डोळ्यांस समजत नाहीं. फक्त कोन समजतो. हात लांब करून वळलेली मूठ सुमारें दहा अंश व्यापते, म्हणजे क्षितिजापासून माथ्यापर्यंत नऊ मुठी होतात. कांहीं दिसलें तर वेळ, दिशा, किती मुठी वर, आणि किती सेकंद, एवढें वहींत टिपावें. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. अग्निबाणाचा तुकडा तिच्याहून पुष्कळ सावकाश, सेकंदास सात-आठ किलोमीटरच्या वेगानें जात असल्यामुळें मिनिटभरही दिसतो आणि फुटत फुटत जातो. पाडव्याच्या रेघा तशाच होत्या. एका ओळींत माळेसारखे निमूटपणें जाणारे दिवे २०१९ पासून सोडण्यांत येणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांचे असतात. शुक्र पाहावयाचा तर घराच्या कौलांशीं किंवा विजेच्या खांबाशीं नजर जुळवून पंधरा मिनिटें उभें राहावें. तो ताऱ्यांबरोबर हळूहळू पश्चिमेस कलेल, घिरट्या घालणार नाहीं.

एक प्रयोग तर आपल्या तालुक्यांतच करतां येईल. नांदगांव व मनमाड ह्यांत सुमारें पंचवीस किलोमीटरचें अंतर आहे. ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तु नांदगांवीं बरोबर माथ्यावर दिसली, तर मनमाडच्या माणसास ती माथ्यापासून सतरा अंश, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मुठी, पूर्वेकडे उतरलेली दिसेल. तीच वस्तु शंभर मीटरवरचें ड्रोन असेल, तर मनमाडाहून ती क्षितिजापासून अर्धा अंशही वर येणार नाहीं. झाडांआड व घरांआड लपून जाईल. शुक्र असेल तर दोन्ही गांवांस एकाच जागीं दिसेल, तसूभरही फरक पडणार नाहीं. मनमाडास प्रत्येकाचा कोणी मामा, मावशी किंवा वर्गमित्र असतोच. त्यास फोन करून एवढेंच विचारावें: दिसतें काय, आणि दिसत असल्यास कोणत्या दिशेस, किती मुठी वर?